कोंडाईचं कोठार आणि वेताळाचे लाडू

एका राज्यात एक कोठार होतं, आणि त्यात काय नव्हतं? सात वर्षांचं धान्य होतं, उडत्या खाटा होत्या, बोलके आरसे होते, कुणी कधी न मागितलेली एक शिंगवाली पालखीही होती. कोठावळीण होती कोंडाई. ठेवायचं तिने, काढायचं तिने, आणि सापडलं नाही की बोलणी खायची तीही तिनेच.

कोठार भरायच्या आधी, एका पाडव्याला धूम्रकेश जादूगार तिच्याकडे एक कुपी ठेवून गेला. पुढे तो ती न्यायला आला. कोंडाई आत शिरली. तिने पोती सरकवली, रांजण लोटले, खाटांना दटावलं. कुपी काही मिळेना. उन्हात उभं राहून जादूगाराची टाळू तापली. तो म्हणाला, "मला तिष्ठत ठेवलंस. तुझा धनी पायापासून दगड होत जाईल. उतारा त्याच कुपीत आहे. थेंबभर पुरे." एवढं बोलून तो घार झाला आणि उडून गेला.

कोंडाईचा नवरा शिदबा राजाचा माहूत होता. ती हत्तीखान्यात पोचली तेव्हा त्याची पावलं दगडाची झाली होती. सगळं कोठार उपसायचं तर वर्ष लागलं असतं. ती तशीच राजाकडे धावली.

राजा सुधन्वा मनाने चांगला, पण नवं दिसलं की भाळायचा. त्याने तीन देशांचे तीन जादूगार बोलावले.

पहिला आला. काय ठेवता, किती वेळा काढता, हे त्याने विचारलंच नाही. विचारलं काय, तर "छत किती उंच?" त्याने काठी आपटली आणि मांडणी छत फोडून ढगांत गेली. मिठाची गोणी ढगात विरघळली. कुपी जिथल्या तिथे राहिली. शिदबा गुडघ्यापर्यंत दगड झाला.

दुसऱ्याने सरकती फडताळं आणली. ती एकमेकांना चिकटून बसत, एका वेळी एकच वाट उघडत. जागा वाचली खरी! पण आचाऱ्याला तूप हवं तेव्हाच सेनापतीला बाण हवे, आणि एकाची वाट उघडली की दुसऱ्याची मिटे. दोघे दारातच हमरीतुमरीवर आले. आत कोंडाई चेंगरता चेंगरता वाचली. दगड कमरेपर्यंत चढला.

तिसऱ्याने वेताळच बांधून आणला. "बाई, मागा. हा आणून देईल."

"कुपी आण," कोंडाई म्हणाली.

डोळ्याचं पातं लवायच्या आत वेताळ परतला. हातात सकाळीच आलेले बुंदीचे लाडू.

"कुपी, मेल्या, कुपी!"

पुन्हा लाडू. शेवटी आलेलं ते त्याच्या हाती आधी लागे. त्याच्यामागे हात घालायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दगड छातीला भिडला. कोंडाई कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसली. असले शहाणे एक सोडून तीन तीन मिळावेत, काय हे नशीब!

तेवढ्यात वळचणीची साळुंकी बोलली, "बाई, कुपी आहे कुठे?"

"सगळ्यात मागे. आधी ती आली, नंतरचं सगळं तिच्यापुढे रचलं."

"मग मागून जा."

"मागे भिंत आहे."

"तिथे दार होतं."

"होतं. मागच्या दाराने लक्ष्मी निघून जाते, म्हणून बुजवून घेतलं." कोंडाईचा आवाज पडला. "मीच."

कोंडाईला स्वतःचा असा संताप आला की तिने तिथल्या तिथे कपाळ बडवून घेतलं. मग ती उठली.

राजा आडवा आला. "कोंडाई, दार फोडू नकोस. लक्ष्मी जाईल."

"महाराज, माझं कुंकू जातंय! लक्ष्मीच्या मी पाया पडेन."

राजा बाजूला झाला. हत्ती आणला, पण तो शिदबाखेरीज कुणाचं ऐकेना. मग शिदबालाच गाड्यावर घालून आणलं. गळ्यापासून वर तेवढा तो दगडाचा व्हायचा राहिला होता. तो ओरडला, "रेट, बाबा!" हत्तीने डोकं लावलं आणि भिंत कोसळली. विटांपलीकडे हाताच्या अंतरावर कुपी होती.

थेंब ओठावर पडला. दगड छातीवरून उतरला, कमरेवरून उतरला, पावलांवरून उतरून धुळीत गेला.

तेव्हापासून त्या कोठारात माल पुढच्या दाराने येतो आणि मागच्या दाराने जातो. आधी आलेला आधी निघतो. रोज लागणारं दाराशी, जड ते खाली, आणि ढगातल्या मांडणीवर एकटी शिंगवाली पालखी. लक्ष्मी कुठे गेली नाही. दिवेलागणीला मागचं दार लावून घेतात, तेवढ्यावर ती खूश आहे. धूम्रकेश आला, त्याला काठी टेकायच्या आत कुपी मिळाली. वेताळाला राजाने ठेवून घेतलं. लाडू आणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

कोंडाई मात्र पहाटे जागी झाली की आधी नवऱ्याच्या पावलांना हात लावून बघते.

"गुदगुल्या होतात गं," शिदबा कुरकुरतो.

"होऊ द्या," ती म्हणते.