थापीचे दात

सकाळचे अकरा वाजले होते. स्थळ, एका तालुक्याच्या दवाखान्यातील नवा प्रसूती विभाग. दुसऱ्या दिवशी पाहणी होती. अशा वेळी एकदा एका वृद्ध गवंड्याने आपल्या शिष्येने नुकतीच बसवलेली फरशी सर्वांदेखत उचकटून काढली.

शिष्या तिशीची होती. दहा वर्षे घमेली वाहून तीन महिन्यांपूर्वी तिने थापी हातात घेतली होती. न्हाणीघराची टाइलची भिंत तिने एकटीने पुरी केली, तेव्हा म्हातारा फक्त "चालेल" म्हणाला होता. आज तिला प्रथमच खोलीची जमीन करायला मिळाली होती. ही खोली साधली तर ती गवंडी, नाहीतर पुन्हा डोक्यावर घमेले. पातळी चोख होती, सांधे सरळ होते.

"तात्या, काय चुकलं?"

"पाठ बघ तिची."

दोन फुटी फरशीच्या पाठीला सिमेंटच्या मसाल्याच्या बारीक रेघा लागल्या होत्या. निम्म्याहून अधिक पाठ कोरडीच होती.

"पण भिंतीला हीच थापी चालली की."

"भिंतीची टाइल वीतभर. ही दोन फुटी, हिच्यात थोडा बाक असतोच. तुला वाटतं, थापी मसाला लावते. दातांची बाजू फिरवलीस की ती मसाला काढून घेते, पोरी. मागे किती ठेवायचा ते दात ठरवतात. उथळ दातांची थापी उचललीस, तेव्हाच या फरशीचा अर्धा वाटा घमेल्यात परत गेला. मग हात कितीही चांगला असो, तो भरून निघत नाही."

ठेकेदार दारात उभा होता. "तात्या, वरून दिसतंय का काही? साहेब उद्या जमीन बघणार, तिची पाठ नाही."

"साहेब एकदा येतील. पुढे रोज इथून बाळंतिणीची ढकलगाडी जाणार. चाकाला पोकळी बरोबर सापडते. मोठ्या दातांची थापी द्या."

"गोदामात नाही. आहे त्यात उरका."

म्हाताऱ्याने पिशवीतून स्वतःची जुनी, सपाट थापी काढली आणि कानशीसह शिष्येपुढे ठेवली. "हिच्या कडेला दात पाड."

"तुमच्या थापीला?"

"माझे पडले सगळे. तिला तरी येऊ देत."

तासभर कानस चालली. मग तिने आपल्या हाताने बसवलेल्या बाकीच्या अकराही फरश्या उचकटल्या, खरवडल्या आणि नव्याने बसवायला घेतल्या. दर चौथी फरशी ती उचलून पाठ बघत होती. म्हाताऱ्याला सांगावे लागले नाही. ठेकेदाराने शेजारची खोली दुसऱ्यांना दिली, हातात तीच उथळ दातांची थापी देऊन.

पाहणीच्या वेळी शेजारची खोली पुरी होती, तिची अर्धी. शाबासकी शेजारी गेली. साहेब निघून गेल्यावर ती म्हणाली, "तात्या, उद्यापासून घमेलं घेऊ ना?"

"गवंड्याने घमेलं कशाला घ्यायचं? उरलेली खोली कोण करणार?"

थापी पुसून ती पुन्हा कामाला बसली.

दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत गाडीच्या चाकाखाली फरशी फुटली. गाडी कलंडून एक बाळंतीण खाली पडली आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले. शिष्येच्या खोलीतून तीच गाडी आजही जाते. चौकशीच्या कागदावर एकच ओळ आली: कारागिरांचा निष्काळजीपणा. कामगाराच्या हाताला दोष देण्यापूर्वी त्या हातात हत्यार कोणी दिले, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

चौकशीसाठी ठेकेदाराचे गोदाम उघडले, तेव्हा मोठ्या दातांच्या थाप्यांचा खोका तिथेच होता. तो काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी आला होता. वरची चिकटपट्टीसुद्धा कोणी फाडलेली नव्हती. तो उघडू नका असे कोणी सांगितले, याचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही.