रखमाजी गुरवाची दिंडं

श्री आपाजी महाराज एके वर्षी चातुर्मासासाठी चिंचखळे गावी राहिले होते. गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर महादेवाचं जुनं देऊळ होतं. तिथल्या ओवरीत महाराजांचा मुक्काम असे. अंगावर घोंगडी, हातात चिपळ्या आणि पाण्यासाठी एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. महाराज कुणाकडे काही मागत नसत. पण गावानेच आपण होऊन त्यांच्या जेवणाची पाळी लावून दिली होती. रोज एका घरी जेवण. महाराजांनी त्यावर एवढंच सांगितलं होतं की, "ज्याच्या घरची पाळी, त्याच्याच हातचं मी खाईन. आचारी नको, शेजारीण नको."

मागणं साधं होतं, पण गावाने त्याची चढाओढ करून टाकली. पहिल्या घरी शिरा झाला म्हणून दुसऱ्या घरी बासुंदी झाली. बासुंदी झाली म्हणून तिसऱ्या घरी श्रीखंड. श्रावण लागेपर्यंत बायका एकमेकींच्या चिरोट्यांचे पदर मोजू लागल्या होत्या. महाराज आपले सगळीकडे चार घास खात, "छान आहे" म्हणत आणि हात धुऊन उठत. शिऱ्यालाही छान आणि बासुंदीलाही छान! त्यामुळे पहिला नंबर कुणाचा, हे काही ठरत नव्हतं.

सुंदराबाई देशमुखांच्या मनात मात्र ते केव्हाच ठरलेलं होतं. स्वयंपाकात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सर्वांना सांगत असत. लग्न कुणाचंही असो, सुंदराबाई जाऊन पाकाची तार बघणार, नाक मुरडणार आणि पदर खोचून बसणार. नागपंचमीला त्यांच्या हातची दिंडं म्हणजे तर बोलायलाच नको. पातळ पारी, मऊसूत पुरण, चौकोनी घडी, आणि चौथ्या कोपऱ्याला अंगठ्याने दिलेला एक बारीक चिमटा. तो चिमटा दिसला की ताट कुणाच्याही घरचं असो, दिंड देशमुखांचं हे बायका डोळे मिटून सांगत.

आता भाविकहो, नागपंचमीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशी चुलीवर तवा चढत नाही, कढईत तळण पडत नाही, विळीवर काही चिरायचं नाही. म्हणून तर पुरणाची दिंडं उकडायची. आणि त्या वर्षी नेमकी नागपंचमीची पाळी आली रखमाजी गुरवाच्या घरी.

रखमाजी देवळाचा गुरव. झाडलोट करावी, बेल आणावा, नंदादीपात तेल घालावं, हा त्याचा नेम. पोटी मूलबाळ नव्हतं. बायको पारू दोन वर्षांमागे गेली होती. आपल्या घरच्या पाटावर एकदा तरी साधूने बसून जेवावं, एवढं एकच तिने आयुष्यात मागितलं होतं आणि ते मागतामागताच ती गेली. ती गेल्यावर रखमाजी भाकरी थापायला शिकला. पिठलंही शिकला. त्यापुढे त्याची विद्या गेली नव्हती. आणि आता भाकरीला तवाच नव्हता.

चतुर्थीच्या सकाळी देवळाच्या पायरीवर सुंदराबाईंनी त्याला गाठलं. भोवती चारपाच बायका होत्याच.

"काय रे रखमाजी, उद्या महाराजांना काय वाढणार? बेलाची पानं?"

बायका हसल्या. रखमाजीही हसला, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"असं कर, पाळी आम्हाला दे. तुझा दिवस आम्ही साजरा करू."

रखमाजीने हात जोडले. "बाईसाब, तेवढं नका म्हनू. पारूची लई इच्छा हुती. कसं का असंना, म्या करतो. तुमी फकस्त दिंडं कशी करायची तेवढं सांगा."

सुंदराबाईंना नकार ऐकायची सवय नव्हती. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "सांगते. पण महाराज तुझ्या घरून उपाशी उठले, तर पुन्हा पाळीत तुझं नाव नाही. कबूल?" गावकीची दोन जाणती माणसं तिथेच सुपारी कातरत बसली होती. त्यांनी मान डोलावली. देशमुखीणबाईंपुढे गावकीची मान दुसरं काही करतच नसे. रखमाजीने जोडलेल्या हातांनीच कबूल केलं.

मग सुंदराबाईंनी सांगितलं. हरभऱ्याची डाळ किती घ्यायची, किती शिजवायची, गूळ केव्हा घालायचा, वेलदोडा किती, पारी कशी लाटायची, घडी कशी घालायची, चाळणीवर कशी मांडायची. सगळं सांगितलं. फक्त शिजलेल्या डाळीतलं पाणी, म्हणजे कट, गूळ घालण्याआधी निथळून काढायचा असतो, एवढं सांगितलं नाही. राहून गेलं बाई, असं त्या घरी जाताना स्वतःला समजावत होत्या. पण राहून गेलं नव्हतं, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

पंचमीचा दिवस उजाडला. सुंदराबाईंनी पहाटेच न्हाऊन एक्कावन्न दिंडं केली. पाणी आधणाला ठेवून त्यावर चाळणी मांडली, चाळणीत दिंडं रचली, वर जड झाकण घातलं आणि सूनबाई मथुराला चुलीपाशी बसवलं. "मी येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही," असं तिला बजावलं. त्यांचा बेत ठरलेला होता. रखमाजीकडे फजिती झाली की चांदीच्या ताटातून ही दिंडं न्यायची आणि महाराजांना म्हणायचं, 'भुकेलं कशाला राहायचं, चला आमच्याकडे.' सगळा गाव बघत असणार. ताट रात्रीच घासून ठेवलं होतं.

मग त्या रखमाजीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत चुलीपुढे रखमाजी घामाघूम होऊन बसला होता. पातेल्यात डाळ आणि गूळ एकजीव होऊन ताकासारखं पातळ हेलकावे खात होतं. गुळाच्या ढेपेचं गोणपाट सोडताना सुतळीचा एक तुकडा त्यात पडला होता, तोही वर तरंगत होता. सुंदराबाईंनी चुलीपाशी येऊन तो पाहिला. खरं तर त्यांचा हात सवयीने काढायला पुढे गेला होता, पण त्यांनी तो आवरला.

"बाईसाब, हे घट्ट कवा हुनार?"

"होईल की," सुंदराबाई म्हणाल्या. "भर आता."

रखमाजीने पाऱ्या लाटल्या होत्या. एकीला तीन कोपरे होते, दुसरीला सात. पळीने पुरण घालावं तर ते एका बाजूने ओततानाच दुसऱ्या बाजूने वाहून जाई. त्याने तसंच सगळं चाळणीवर ठेवलं. पुरण भोकांतून गळून खाली आधणात गेलं आणि मागोमाग कडेवरून पाऱ्या आणि ती सुतळीही लोळत गेली. शेवटी चाळणीवर काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने चाळणीच काढून बाजूला ठेवली. रखमाजी पातेल्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"पारू असती तर तिनं सांगितलं असतं काय चुकलं त्ये," तो म्हणाला.

सुंदराबाईंच्या काळजात बारीकशी कळ उठली. त्यांनी ती जिथल्या तिथे दाबली आणि ओटीवर येऊन बसल्या. वारुळाची पूजा आटोपून गावच्या बायका जमू लागल्या होत्या. गावकीचे दोघेही आले होते. थोड्याच वेळात चिपळ्या वाजवत महाराज आले आणि ओटीवर न बसता थेट चुलीपाशी गेले.

"रखमाजी, भूक लागली रे. झालं का?"

रखमाजीने पाय धरले. "महाराज, समदं बिघडलं. तुमास्नी द्यायला माझ्याजवळ काय बी न्हाय."

महाराजांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. सुतळीकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "झाकण ठेव. उकडायला वेळ लागतो. तोवर नाम घेऊ."

महाराजांनी चिपळ्या धरल्या, रखमाजी रडक्या आवाजात साथ करू लागला. ओटीवरची मंडळीही टाळ्या वाजवू लागली. सुंदराबाईंच्या ओठांवर नाम होतं आणि डोळ्यांपुढे चांदीचं ताट.

भजन थांबलं. "काढ झाकण," महाराज म्हणाले.

वाफेचा लोट उठला. तो विरला तेव्हा सगळ्यांनी माना पुढे केल्या. बाजूला ठेवलेली चाळणी पुन्हा पातेल्यावर होती, आणि तिच्यात दिंडं रचलेली होती. पातळ पारीची, चौकोनी घडीची, आतलं पुरण बाहेरून पिवळसर झळकणारी. एकही फुटलेलं नव्हतं. रखमाजी तोंड उघडं टाकून बघत बसला. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. आणि सुंदराबाईंचं लक्ष चौथ्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे अंगठ्याचा बारीक चिमटा होता.

"अहो, ही माझी आहेत!" त्या ताडकन उठल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. महाराजांचा चेहरा आनंदाने फुलला. "तुमची? बाई, केवढं मोठं मन तुमचं! गरिबाची लाज राखायला स्वतःच्या घरची दिंडं पाठवलीत?"

"मी... नाही, मी कुठे पाठवली?"

"मग रखमाजीने उचलून आणली म्हणता?"

"तो कसा आणेल? तो तर इथेच होता. आणि माझी मथुरा चुलीपाशी बसलीय."

"मग आली कशी?" महाराजांनी अगदी भोळेपणाने विचारलं.

एवढ्यात मथुराच धापा टाकत आली आणि सुंदराबाईंच्या कानाला लागली. "आत्याबाई, मी झाकणाला हातसुद्धा लावला नाही, शपथ. पण उकळून बाहेर यायला लागलं म्हणून उघडलं, तर दिंडं एकपण नाही. नुसतं पातळ खिरीसारखं काहीतरी आहे. आणि त्यात सुतळी आहे."

इकडे गावकीचे दोघे सुंदराबाईंची वाहवा करत होते, बायका "काकूंचं मन मोठं" म्हणत होत्या. महाराज मात्र पाटावर बसून म्हणाले, "दिंडं सुंदर आहेत. सगळ्यांना वाढा. मला नकोत. मी पाळीवाल्याच्या हातचंच खातो. आज रखमाजीच्या हातचं नसेल, तर आज मला उपास."

रखमाजीची मान खाली गेली. ताटं भरली जात होती आणि त्याच्या पाटावर साधू उपाशी बसला होता.

सुंदराबाई तशाच घराकडे निघाल्या. चुलीपाशी येऊन पाहिलं. त्यांच्या लखलखीत पातेल्यात रखमाजीचं पुरण रटरटत होतं, तीन कोपऱ्यांच्या आणि सात कोपऱ्यांच्या पाऱ्या त्यात बुडत होत्या. सुतळीचा तुकडा कडेला चिकटला होता. हे गाईपुढे ओतलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं. मथुराने तोंड उघडलं नसतं. वर उदार म्हणून गावभर नाव झालं असतं. सुंदराबाईंनी ओतायला पातेलं उचललंही. पण त्यांना तो चुलीपुढे बसलेला माणूस दिसला, आणि गोठ्याकडे वळलेले पाय थांबले.

त्यांनी पातेल्याला फडकं गुंडाळलं, ते डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी, भरल्या गल्लीतून चालत निघाल्या. देशमुखीणबाई डोक्यावर पातेलं घेऊन चालल्या आहेत, कपाळावरून पातळ पुरणाचा ओघळ येतोय, हे दृश्य चिंचखळ्याने त्याआधी पाहिलं नव्हतं. माणसं दारात येऊन उभी राहिली. बाईंनी मान वळवली नाही.

रखमाजीच्या घरात येऊन त्यांनी पातेलं महाराजांपुढे ठेवलं.

"महाराज, हे रखमाजीच्या हातचं. माझ्या चुलीवर सापडलं." त्यांनी कपाळावरचा ओघळ पदराने पुसला. "त्याचं काही चुकलं नव्हतं. कट काढायचा असतो, हे मीच मुद्दाम सांगितलं नाही. त्याची फजिती व्हावी म्हणून."

ओटीवर दोन बायकांनी तोंडाशी नेलेलं दिंड तसंच धरून ठेवलं.

महाराज एवढंच म्हणाले, "वाढा, बाई. भूक लागलीय."

सुंदराबाईंनी सुतळी काढली आणि वाटी भरली. महाराजांनी ती तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. पुन्हा वाटी पुढे केली. चातुर्मासात एवढ्या घरी जेवले, पण दुसऱ्यांदा त्यांनी कुठेच मागून घेतलं नव्हतं. तिसरी वाटी झाली, चौथी झाली. रखमाजी पंख्याने वारा घालत होता आणि रडत होता, आणि मधूनच हसत होता.

"पारूनं बघितलं असंल का, महाराज?"

"अरे, तिनेच तर बोलावलं मला," महाराज म्हणाले. "नाहीतर एवढ्या पातळ पुरणाला कोण येतंय?"

मग त्यांनी तळाशी उरलेला घास बोटांनी गोळा केला आणि सुंदराबाईंच्या तळहातावर ठेवला. "घ्या, प्रसाद."

पन्नास वर्षं जिने दुसऱ्याच्या हातच्या पदार्थात खोट काढली होती, तिने तो घास तोंडात घातला. सगळा गाव बघत होता. बाईंचे डोळे पाण्याने डबडबले.

"गूळ अंमळ जास्त झालाय," त्या सवयीने बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि हसताहसताच त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिथून उठल्या त्या रखमाजीपुढे वाकल्या. रखमाजी घाबरून मागे सरत "बाईसाब, न्हाय, न्हाय" म्हणत राहिला, पण मागे भिंत होती.