डोळ्यांपुरता मुखवटा

कोथरूडच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शक रणदिव्यांपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांच्या सुपरहिरोने डोळ्यांपुरता मुखवटा चढवला की त्याची बायकोसुद्धा त्याला ओळखत नसे.

चित्रं काढणारी चारुलता वैतागली. "सर, नाक तेच, आवाज तोच, बारा वर्षांचा संसार. कोण मानेल हे?"

"कॉमिकमध्ये तसंच आहे. मुखवटा चढवला की कुणी ओळखत नाही, विषय संपला. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी ती तसलाच मुखवटा घालून आपल्या टेबलाशी चित्र काढत बसली.

रणदिवे भडकले. "चारुलताबाई, तुम्हाला काढलंय ना?"

"ओळखलं असेल, तर तो सीन बदला सर," ती मान वर न करता म्हणाली. "आणि ओळखलं नसेल, तर काढलंय चारुलताला. मला कशाला उठवताय?"