मेथी न उगवलेला कोपरा

सकाळचे साडेसात वाजले होते. शहराबाहेर नुकत्याच पाडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या सपाट आवारात एक वृद्ध मेथी पेरत होता.

या वृद्धाचा जन्म इमारती पाडण्यात गेला होता. शेजारच्या छपराचं एक कौलही न हलवता धुराडं उतरवावं, तर त्यानेच. त्याचा शिष्य फाटकातून आत आला आणि जागीच थबकला. स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे त्याचं पहिलं काम. भिंती उतरवल्या, पाया उपसला, राडारोडा हलवला, वर रोलर फिरवून जमीन खळ्यासारखी गुळगुळीत केली. आणि त्याच जमिनीवर गुरूने पहाटेपासून माणसं लावून कुदळी चालवल्या होत्या.

"गुरुजी, कालच रोलर फिरवला हो मी!"

"दिसलं ना. म्हणून तर उकरताना माणसांचा घाम निघाला."

"पण मेथी कशाला?"

"उगवली तर भाजी करू," म्हणत वृद्धाने पुन्हा पिशवीत मूठ घातली.

दुपारी जागेचा मालक, एक व्यापारी, आला. तिथे घरांची वसाहत होणार होती. ईशान्येचा कोपरा शुभ म्हणून बालवाडी त्या कोपऱ्यात. भूमिपूजनाचा मुहूर्त पंधरवड्यावर आला होता.

"म्हातारबुवा, मला वसाहत बांधायची आहे, मंडईत गाळा नाही घ्यायचा."

"पहिली जुडी तुमच्याच घरी पाठवतो, शेठ."

व्यापाऱ्याला हसू आलं नाही. तो शिष्याकडे वळला. "तुझे गुरू आहेत, म्हणून गप्प बसतो. मुहूर्त टळला, तर माझ्याकडचं पुढचं काम विसर."

शिष्य मनातून हादरला. तरी कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. तो रोज सकाळी येऊन वाकून पाही. चार दिवसांत कोंब दिसले, आठवड्यात आवारावर हिरवी साय धरली. ईशान्येचा कोपरा मात्र बोडकाच. तुरळक कोंब आले, तेही पिवळे पडून आडवे झाले. बी किडकं असेल म्हणून त्याने तिथे स्वतः नवं बी टाकलं, स्वतः पाणी घातलं. काही नाही. अखेर त्याने तिथली चिमूटभर माती हुंगली आणि झटकन हात पुसला.

"गुरुजी, खाली काही तरी आहे."

"काय आहे?"

"ते खणल्याशिवाय कसं कळणार?"

"आता खरा पाडकामाला लागलास," वृद्ध म्हणाला. "ऐक. बांधणारे येतील, फरशी घालतील. राहणारे येतील, त्यावर चटया अंथरतील. ही जमीन उघडी पाहणारे आपणच शेवटचे. आपण पाहिलं नाही, तर पुढे ते पाहायला कुणाला मिळणार नाही. भिंत पाडणं हे निम्मं काम. जागा पुढच्याच्या हाती निर्धोक देणं, हे उरलेलं. ती सपाट दिसली म्हणून निर्धोक होत नाही."

इतक्यात व्यापारी आला. कोपरा पाहून त्याने क्षणभर ओठ चावला. "दोन ट्रक मुरूम टाक आणि मंडप घाल. मेथी उगवली नाही म्हणून कुणी मुहूर्त टाळतं का?"

शिष्याने गुरूकडे पाहिलं. वृद्ध चपलेतली माती झटकत होता. "माझ्याकडे काय बघतोस? काम तू घेतलंयस."

"शेठ," शिष्य म्हणाला, "इथे पोरं मातीत खेळणार. मी खणणार. पुढचं काम ज्याला द्यायचं त्याला द्या."

जेसीबीची बादली कमरेइतकी खोल गेली आणि लोखंडावर खरडली. गंजून फुटलेलं रसायनाचं पिंप. त्याच्या शेजारी दुसरं. त्यांच्याखाली आणखी एक थर, आणि निळीकाळी माती. वाऱ्यावर वास येताच मजूर तोंडाला फडकी बांधून मागे सरले. व्यापारी खड्ड्याच्या काठाशी आला. मग त्याने मंडपवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

शिष्याला गुरूची मेथी उमगली. पाडणाऱ्यांनी आपलं काम पुरं केलं. पिंपं पुरणाऱ्यांचा हिशेब बाकी आहे. एवढा खड्डा कुदळीने होत नाही. त्यासाठी यंत्र आत आलं असणार, आणि त्या आवाराला फाटक एकच होतं. ते कुणाच्या सांगण्यावरून उघडलं, याचं उत्तर अजून कुणीही दिलेलं नाही.