ग्लुकोजच्या आधी

“अहो बाई, पण अजून द्यायचं राहिलंय तरी काय?”

डॉ. निनाद पार वैतागला होता. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या आठल्ये बाई नुकत्याच आयसीयूत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानंच बोलावलं होतं, नाइलाजानं. पठ्ठ्या परीक्षेत कायम पहिला. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं.

कॉटवर प्रणाली. चार महिन्यांची गरोदर. उलट्यांनी पोरीचं नुसतं चिपाड झालं होतं. आधी काहीबाही बरळत होती, आता हाकेला ओसुद्धा देत नव्हती.

“सीटी स्कॅन केला. रक्त तपासलं. अँटिबायोटिक चालू आहे. पोटात अन्न नाही म्हणून आल्याआल्या ग्लुकोज लावलं. तरी खालावतेच आहे!”

बाईंनी तिची पापणी अलगद वर केली. बुबुळ थरथरत होतं.

दाराशी तिची आई उभी होती. बाईंनी तिला विचारलं, “हिच्या पोटात काय ठरत होतं, मावशी?”

“काय नाय ओ. पेज दिली तरी भडभडून भायेर. म्हयना झाला, जास्तीच…” माउलीला रडू फुटलं. “माजी पोर वाचंल ना?”

बाई सलाइनच्या स्टँडकडे वळल्या. त्यांनी हात वर केला आणि नळीवरची चकती फिरवून ग्लुकोज बंद केलं.

“बाई! उपाशी आहे ती!”

“म्हणूनच.”

…

“चुलीत नुसती लाकडं कोंबतोयस. जाळ कशानं धरायचा? बी-वन दिलंस?”

निनादचा चेहरा खर्रकन उतरला. महिनाभर अन्न नाही, म्हणजे अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपलेलं. त्यात साखर ओतली की उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूवर बेततं.

“हे मी परीक्षेत लिहिलं होतं, बाई…”

“ठाऊक आहे. मीच तपासला होता तो पेपर. इंजेक्शन आण.”

आधी इंजेक्शन गेलं, मग ग्लुकोज. संध्याकाळी बुबुळं स्थिरावली, पण पोरगी शुद्धीवर येईना. निनाद घरी गेलाच नाही. तिच्या उशाशी स्टुलावर बसून राहिला, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत.

आणि मग एका सकाळी प्रणालीनं डोळे उघडले.

“आये…” म्हणाली. हात पोटावर गेला. बाळ सुखरूप होतं. आईनं तिचे पटापटा मुके घेतले, हसता हसता रडली.

निनादला भरून आलं. तो पुढं वाकला. “कसं वाटतंय, प्रणाली?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “ह्ये कोण गं, आये?”

निनाद कसनुसा हसला. बाहेर आल्यावर बाईंना म्हणाला, “इतके दिवस उशाशी बसून होतो. मला ओळखलंसुद्धा नाही हो तिनं.”

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

…

“तू तरी तिला कुठं ओळखलं होतंस?”