भालूने दुकान वाढवलं

एका गावात एक भोळा कारकून होता. नाव त्याचं भालू. पतपेढीत नोकरी, स्वभाव सरळ आणि कान तर त्याहून सरळ. ऐकलं तेच करायचं. पगार जागच्या जागी राहिला आणि भाव चढत गेले, तेव्हा मुलीला पुढे शिकवायचं कसं या काळजीने बायको नलिनी त्याला एका सरांच्या व्याख्यानाला घेऊन गेली.

सर गरजले, "नोकरी मागू नका. नोकरी देणारे व्हा!"

भालूला पटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने आपली नोकरी शेजारच्या यशवंताला देऊन टाकली. पतपेढीची काही हरकत नव्हती. यशवंता कमी पगारात तयार होता.

"अहो, स्वतःची नोकरी देतं का कुणी?" नलिनीने कपाळावर हात मारला.

"मग दुसऱ्याची कशी देणार?"

नलिनीने बांगड्या मोडल्या आणि चकल्यांचं दुकान टाकलं. उद्घाटनाला भालू ओरडला, "नारळ फोडतो हो!"

शेजारचे दुकानदार आप्पा दचकले. "शुभकार्यात फोडतो म्हणू नये रे. वाढवतो म्हणावं."

दुपारी भालूच्या हातून चकल्यांची बरणी फुटली. त्याने घरी फोन लावला. "अगं, बरणी वाढवली!" बिचारी नलिनी हरखली आणि आणखी घाणे तळायला बसली.

संध्याकाळी भालू म्हणाला, "आप्पा, दुकान बंद करतो."

"बंद म्हणू नये. दुकान वाढवतो म्हणावं!"

तेही भालूने लक्षात ठेवलं.

चकल्या मात्र फक्कड होत्या. ऐन दिवाळीत दुकानापुढे रांग लागली. त्या रांगेत एक दिवस सर आले. चकली मोडत म्हणाले, "भालूशेठ, काय ही गर्दी! वेळ घालवू नका. आत्ताच्या आत्ता दुकान वाढवा!"

ते गेले आणि भालूने शटर ओढलं. रांग समोरच्या दुकानात गेली ती तिथलीच झाली.

"ऐन दिवाळीत दुकान बंद?" नलिनी रडकुंडीला आली.

"बंद म्हणू नये," भालूने समजावलं.

सरांचा फोन आला. "वाढवलं का?"

"तेव्हाच वाढवलं."

"शाब्बास! अजून वाढवा!"

भालूने दुसरं कुलूप लावलं.

सरांच्या पुढच्या व्याख्यानाला भालू थेट व्यासपीठावर. "या माणसाने माझ्या एका शब्दावर दुकान वाढवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांना भरून आलं. "भालूशेठ, असा शब्द झेलणारा माणूस मला हवाय. उद्यापासून माझ्या ऑफिसात नोकरीला या. बांधलेला पगार देतो."

पहिल्या रांगेत नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं शिक्षण होणार होतं.

भालूने माइक घेतला. नोकरी हातात आली की काय करायचं, हे त्याला पाठ होतं.

"एक नोकरी आहे. कुणाला देऊ?"

धंदा शिकायला आलेल्या अख्ख्या सभागृहाचे हात वर गेले. माइकवाल्याचासुद्धा. सगळ्यांत उंच हात नलिनीचा, ती खुर्चीवरच चढली होती.

भालूने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि शेवटच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाला वर बोलावलं.

"अगं," तो माइकमधूनच म्हणाला, "घरातल्या घरात दिली तर लोक काय म्हणतील?"