सांध्याला कुलूप

"...मग चोराला चोर म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं बुवा?"

नीळकंठशास्त्री हसले. पाठशाळेच्या ओसरीवर त्यांचा जुना संगणक मांडलेला होता. त्यांच्यासमोर बसलेल्या हेरंबच्या, त्यांच्या लाडक्या शिष्याच्या, अंगाचा तिळपापड झाला होता.

"चोरी कशी रे? सांधा आपणच सर्वांना मोकळा ठेवलाय ना?"

सांधा हा शास्त्रीबुवांनी लिहिलेला प्रोग्रॅम. संगणकावर मराठी जोडाक्षरं फुटायची. पोथ्या नीट छापता याव्यात म्हणून बुवा उतारवयात प्रोग्रॅमिंग शिकले, आणि जे लिहिलं ते आतल्या ओळींसकट जगाला देऊन टाकलं. घ्या, वापरा, बदला, कुणाला विचारायला नको. असा सढळ हात देव फार थोड्यांना देतो.

बुवांचे डोळे अधू झाल्यापासून सांधा हेरंब सांभाळत होता. त्याची उमेदीची वर्षं त्यात गेली, पण कधी कुरकुर केली नाही. अशात एका बड्या कंपनीने नवा फोन काढला. जाहिरातीत म्हटलं होतं, 'शुद्ध मराठी, आमचा शोध.' आत सगळा सांधा. कंपनीने सांध्यात स्वतः केलेली एक दुरुस्तीसुद्धा आजवर बुवांकडे परत पाठवली नव्हती. बुवांचं नाव कुठे नव्हतं, हेरंबचंही नव्हतं. यातलं दुसरं त्याला जास्त झोंबलं होतं, पण बोलत होता तो पहिल्याबद्दल.

"आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि यांनी त्या स्वतःच्या म्हणून वाढायच्या?"

"घेतो त्याने द्यावं," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्यात दुमत नाही."

"मग झालं तर. मी कुलूप केलंय."

"कुलूप?"

"नव्या सांध्याला. परवानगी असल्याशिवाय तो कुणाकडे चालणारच नाही."

"आणि पाठशाळा? छोटे छापखाने?"

"त्यांनी मागावी. मी देईन."

"तू देशील..."

"सांधा तुमचा आहे बुवा. तुम्ही हो म्हणालात की आजच लावतो."

शास्त्रीबुवांनी कीबोर्ड उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"दाखव."

हेरंबने कुलपाच्या आतल्या ओळी उघडून दाखवल्या. बुवा पडद्याला नाक लावून एकेक ओळ वाचू लागले. वाचता वाचता त्यांची मान डोलू लागली. हेरंबचा राग थोडा निवला. गुरूने मान डोलावली की कुणाला बरं वाटत नाही?

"सुरेख आहे रे. एक शब्द जास्तीचा नाही... कसं सुचलं तुला?"

"हे... हे माझं नाही."

"मग?"

"कुलूप घडवणं फार अवघड असतं बुवा. ते कुणी आपलं आपण करत नाही. तयार मिळतं. मोकळंच ठेवलेलं असतं."

"कुणी ठेवलंय?"

हेरंबला ते सांगता येईना. तो पडदा सरकवत वर वर गेला. अगदी वर, जिथे सहसा कुणी वाचत नाही, तिथे नाव सापडलं.

"इल्मा म्हणून कुणी बाई आहेत. कुठल्या देशातल्या, ठाऊक नाही."

"त्यांना कळवलंस?"

"कळवायची अट नाही त्यात," हेरंब म्हणाला, आणि त्याची जीभ अडखळली.

"काम फार आवडलं, एवढं तरी?"

हेरंबने पडदा पुन्हा खाली, ओळींवर आणला.

शास्त्रीबुवा अजून त्या अनोळखी बाईच्या ओळी वाचत होते, प्रसादाचा घास चवीने खावा तसे. हेरंबचे कान तापले होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस त्याला होईना.

"म्हणजे कुलूप लावू नको म्हणता?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"लाव की," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्या बाईंना विचारून लाव."